चुंबकीय फ्लक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावी-बारावीची मुलं, पॉलिटेक्निकचे विद्यार्थी, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगमध्ये नव्याने लागलेली पोरं आणि निफाड-दिंडोरीकडचे बागायतदार. नाशिकमध्ये विजेबद्दल प्रश्न विचारणारे हे लोक एकमेकांना फारसे भेटत नाहीत. एकाला सूत्रातला कोन छळतो, दुसऱ्याची मोटार जळालेली असते. पण खोलात गेलं की बहुतेक प्रश्नांचं मूळ एकच निघतं: फ्लक्स कोण बदलतंय आणि किती वेगाने? खालची उत्तरं हा धागा हातात धरूनच लिहिली आहेत. ज्याला जो प्रश्न लागू, त्याने तिथून सुरुवात करावी. फॅरेडेच्या नियमाचं उत्तर मात्र सगळ्यांनी वाचावं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

चुंबकीय फ्लक्स म्हणजे नेमकं काय?

एखाद्या पृष्ठभागातून आरपार जाणाऱ्या चुंबकीय क्षेत्राची एकूण मोजदाद म्हणजे त्या पृष्ठभागातला चुंबकीय फ्लक्स. 'त्या पृष्ठभागातला' हे शब्द सोडायचे नाहीत. "या चुंबकाचा फ्लक्स किती?" हा प्रश्न अर्धवट आहे. कुठल्या वेटोळ्यातून, कुठल्या चौकटीतून, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

क्षेत्र सगळीकडे सारखं आणि पृष्ठभाग सपाट असेल, तर हिशोब सोपा:

फ्लक्स = चुंबकीय क्षेत्र × क्षेत्रफळ × कोसाइन थीटा

गच्चीवरचं सोलर पॅनल डोळ्यांसमोर आणा. ऊन तेच, पॅनल तेच. पण सूर्याकडे तोंड केलं तर ते सर्वात जास्त ऊन झेलतं, तिरपं केलं की कमी, आणि उन्हाच्या रेषेत कडेवर धरलं की जवळजवळ काहीच नाही. क्षेत्र ठिकठिकाणी वेगळं असेल तर पृष्ठभागाचे बारीक तुकडे करून प्रत्येकातला फ्लक्स काढायचा आणि बेरीज मारायची. बारावीतलं इंटिग्रेशन इथे हेच काम करतं.

कोन पृष्ठभागाशी मोजायचा की लंबाशी?

लंबाशी. पृष्ठभागावर काटकोनात उभ्या केलेल्या रेषेशी चुंबकीय क्षेत्राने केलेला कोन म्हणजे थीटा. गणितात "वेटोळ्याच्या प्रतलाशी ३० अंश" असं दिलं असेल तर थीटा ६० अंश. सीईटीच्या पेपरात या एका शब्दावर गुण जातात, कारण चुकीच्या कोनाचं उत्तरही पर्यायांत हमखास दिलेलं असतं. तीच गोष्ट एककांची: चौरस सेंटिमीटरचे चौरस मीटर करताना १०० ने नाही, १०,००० ने भागायचं.

फ्लक्स खरंच वाहतो का?

नाही. तारेतून इलेक्ट्रॉन सरकतात, तसं गाभ्यातून काहीही सरकत नाही. चुंबकीय बलरेषाही आपण काढलेल्या आहेत. जिथे रेषा दाट तिथे क्षेत्र जोरकस, एवढंच त्यांचं सांगणं. लोहकिसाच्या रांगा दिसतात त्या किसाच्या कणांनी एकमेकांना धरल्यामुळे. दोन रांगांमधली मोकळी जागाही क्षेत्राने भरलेलीच असते.

एक वेबर म्हणजे किती? आकडा डोळ्यांसमोर येत नाही.

एक टेस्ला क्षेत्र एक चौरस मीटरमधून सरळ आरपार गेलं की एक वेबर. हे पाठ असतं, पण त्यातून अंदाज येत नाही. म्हणून नाशिकचाच हिशोब करू.

आपल्याकडे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे. ते जमिनीला तिरपं असतं, आणि त्यातला उभा भाग साधारण २० मायक्रोटेस्ला. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे एकरभर द्राक्षबागेतून जाणारा पृथ्वीचा फ्लक्स भरतो ०.०८ वेबर. आता बागेच्या कडेला उभी असलेली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, घ्या. आतल्या लोखंडी गाभ्याचं छेदक्षेत्र १२५ चौरस सेंटिमीटर धरलं आणि त्यातलं क्षेत्र १.६ टेस्ला धरलं, तर फ्लक्स येतो ०.०२ वेबर. वीतभरही रुंदी नसलेल्या गाभ्यात अख्ख्या एकराच्या चौथाई फ्लक्स मावतो. लोखंडाचं महत्त्व एवढ्यावरून कळावं.

पृथ्वीच्या क्षेत्राचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हे क्षेत्र नोंदवण्याचं काम पूर्वी मुंबईत कुलाब्याला चालायचं. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं, आणि त्यांच्या प्रवाहांमुळे मोजमापं बिघडणार हे उघड होतं. म्हणून १९०४ मध्ये अलिबागला चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. ती आजही नोंदी घेते.

वेबरची दुसरी ओळख मला जास्त कामाची वाटते: एक वेबर म्हणजे एक व्होल्ट-सेकंद. एका वेढ्याच्या वेटोळ्यावर एक व्होल्ट एक सेकंदभर राहिला, तर त्यातला फ्लक्स एक वेबरने बदललेला असतो. हे वाक्य जपून ठेवा, पुढे लागेल.

फॅरेडेचा नियम साध्या शब्दांत सांगाल का?

२९ ऑगस्ट १८३१ रोजी मायकेल फॅरेडे यांनी एका लोखंडी कड्याच्या दोन बाजूंना दोन कॉइल गुंडाळल्या. एकीला बॅटरी, दुसरीच्या तारेजवळ चुंबकसूची. बॅटरी जोडली त्या क्षणी सूचीने झटका दिला आणि ती परत जागेवर आली. बॅटरी जोडलेली होती, प्रवाह चालू होता, कड्यात भरपूर फ्लक्स होता, तरी सूची स्वस्थ. बॅटरी काढली तेव्हा पुन्हा झटका, उलट्या दिशेने.

म्हणजे फ्लक्स असून भागत नाही, तो बदलावा लागतो. वेटोळ्यात निर्माण होणारं विद्युतगामक बल (व्होल्टेज) म्हणजे वेढ्यांची संख्या गुणिले फ्लक्स बदलण्याचा वेग, आणि पुढे ऋण चिन्ह. २०० वेढ्यांच्या कॉइलमधला फ्लक्स ०.१ सेकंदात ०.००३ वेबरने बदलला तर ६ व्होल्ट मिळतात. तोच बदल दहापट वेगाने घडवला तर ६० व्होल्ट.

फ्लक्सच्या सूत्रात क्षेत्र, क्षेत्रफळ आणि कोन अशा तीन गोष्टी आहेत, म्हणून बदल घडवण्याच्या वाटाही तीन. क्षेत्र बदला, तो झाला ट्रान्सफॉर्मर. कोन बदला, तो झाला जनरेटर. क्षेत्रफळ बदला, म्हणजे पुस्तकातली रुळांवर सरकणारी दांडी. मुलांना हे तीन वेगळे धडे वाटतात. प्रत्येक गणितात आधी "यात नक्की काय बदलतंय?" एवढं विचारायची सवय लावली की निम्मा गोंधळ मिटतो.

ऋण चिन्ह कशासाठी?

ते लेन्झ यांचं, १८३४ सालचं. प्रवर्तित प्रवाह ज्या बदलामुळे निर्माण झाला, त्या बदलालाच विरोध करतो. तसं नसतं तर चुंबक एकदा कॉइलकडे ढकलल्यावर प्रवाहाने त्याला आणखी आत ओढलं असतं, त्याने प्रवाह आणखी वाढला असता, आणि फुकट ऊर्जा मिळत राहिली असती.

हे स्वतः करून बघण्यासारखं आहे. फ्रीज-एसी दुरुस्तीवाल्याकडून किंवा भांडी बाजाराच्या आसपास हिंडून तांब्याची मीटरभर सरळ नळी मिळवा, आणि तिच्यात जेमतेम सैल बसेल असा निओडिमियमचा गोल चुंबक. आधी चुंबक नळीला लावून खात्री करा: तांबं त्याला चिकटत नाही. आता नळी उभी धरून वरून आधी एक नट सोडा. मीटरभर पडायला साधारण ०.४५ सेकंद लागतात, खट्कन खाली. मग चुंबक सोडा. तो कुठेही न घासता, अगदी सावकाश उतरतो. वरून नळीत डोकावलं तर तरंगत खाली जाताना दिसतो. नळीची भिंत जाड असेल तर खाली यायला काही सेकंद घेतो. त्याच्या पुढच्या भागात नळीतला फ्लक्स वाढत असतो, मागच्या भागात कमी होत असतो, आणि दोन्हीकडे तांब्यात गोल फिरणारे प्रवाह त्याला धरून ठेवतात. चुंबकाची गेलेली ऊर्जा नळी किंचित तापण्यात जाते. वर्गात हा प्रयोग दाखवला की मुलं तोच पुन्हा पुन्हा करायला मागतात, आणि करू द्यावा.

लोड वाढला की ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातला फ्लक्स वाढतो ना?

नाही, आणि हे या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर आहे. नोकरीला लागलेल्या पोरांनाही इथे अडखळताना पाहिलं आहे.

प्रायमरीवर, म्हणजे वीज आत येते त्या कॉइलवर, आपण व्होल्टेज लावतो. व्होल्टेज म्हणजे वेढ्यांची संख्या गुणिले फ्लक्स बदलण्याचा वेग. वेढे ठरलेले, ५० हर्ट्झ ठरलेले, व्होल्टेज बाहेरून आलेलं. मग फ्लक्सच्या हातात काही राहतच नाही. तो किती असायचा हे व्होल्टेजने आधीच ठरवलं. सेकंडरीतून, म्हणजे वीज बाहेर देणाऱ्या कॉइलमधून, प्रवाह वाढला की तो गाभ्यातला फ्लक्स कमी करायला बघतो. फ्लक्स जरा घसरला की प्रायमरी लगेच तेवढा जादा प्रवाह ओढते आणि त्याला परत जागेवर आणते. लोड अंगावर घेतला तो प्रवाहाने. फ्लक्स जवळजवळ तिथल्या तिथेच, खरं तर वायरच्या रोधामुळे पूर्ण लोडला थोडा कमीच.

हिशोबाचं सूत्र दुकानातही तोंडपाठ असतं: व्होल्टेज = ४.४४ × फ्रिक्वेन्सी × टर्न (वेढे) × कमाल फ्लक्स. मघाच्या डीपीत ०.०२ वेबर होते. ४.४४ × ५० × ०.०२ म्हणजे दर टर्नला ४.४४ व्होल्ट. ११,००० व्होल्टच्या बाजूला २,४७७ टर्न लागतील. ४३३ व्होल्टच्या बाजूला एका फेजला २५० व्होल्ट, म्हणजे ५६ टर्न. अख्ख्या ट्रान्सफॉर्मरची मांडणी या एका आकड्यातून उलगडत जाते.

फ्लक्स खरोखर वाढवायचा असेल तर दोनच मार्ग: व्होल्टेज वाढवा किंवा फ्रिक्वेन्सी उतरवा. म्हणून फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेलं अमेरिकेतलं उपकरण, व्होल्टेज जुळवूनही, आपल्या ५० हर्ट्झवर तापू शकतं. त्याच्या गाभ्यात २० टक्के जास्त फ्लक्स झालेला असतो.

इंड्यूस्ड व्होल्टेज टेस्ट दुप्पट फ्रिक्वेन्सीला का घेतात?

सातपूर-अंबडच्या पोरांचा हा ठेवणीतला प्रश्न. ट्रान्सफॉर्मरच्या या टेस्टमध्ये टर्न-टर्नमधलं इन्सुलेशन दुप्पट व्होल्टेजला ताणून बघायचं असतं. ५० हर्ट्झवरच दुप्पट व्होल्टेज दिलं तर फ्लक्सही दुप्पट लागेल, म्हणजे १.६ टेस्लाच्या जागी ३.२. ट्रान्सफॉर्मरचं पोलाद २ टेस्लाच्या आसपास तृप्त होतं. त्यापुढे फ्लक्स वाढवायला अफाट प्रवाह लागतो आणि टेस्ट तिथेच कोलमडते. फ्रिक्वेन्सी १०० हर्ट्झ केली की प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला (सायकलला) वेळ निम्मा मिळतो. व्होल्टेज दुप्पट, वेळ निम्मा, व्होल्ट-सेकंद तेवढेच. गाभ्याला कळतही नाही की काही वेगळं चाललं आहे. ताण येतो तो फक्त इन्सुलेशनवर. म्हणूनच या टेस्टला डबल व्होल्टेज डबल फ्रिक्वेन्सी म्हणतात, आणि १०० हर्ट्झवर ती मिनिटभर चालते.

लाईट परत आल्यावर ट्रान्सफॉर्मर जो मोठा झटका खातो, त्याचंही कारण हेच. व्होल्टेज शून्यातून जात असतानाच स्विच लागला, तर पहिल्या अर्ध्या फेऱ्याचे सगळे व्होल्ट-सेकंद एकाच दिशेने साठतात आणि फ्लक्स नेहमीच्या कमालीच्या दुपटीकडे जातो. गाभा तृप्त होतो आणि क्षणभर पूर्ण लोडच्या आठ-दहा पट प्रवाह जाऊ शकतो. त्यात बिघाड काही नाही. थोड्या फेऱ्यांत तो ओसरतो.

डीपी गुणगुणते ती कशामुळे?

चुंबकत्व बदललं की पोलादाची लांबी अगदी सूक्ष्म बदलते. फ्लक्स कुठल्याही दिशेने कमाल झाला तरी ती बदलतेच, म्हणून एका फेऱ्यात दोनदा. आवाज १०० हर्ट्झचा. कडकड किंवा फुसफुस ऐकू आली तर मात्र लांब व्हा आणि महावितरणला कळवा. ते फ्लक्सचं काम नाही.

गाभा अखंड लोखंडाचा का नसतो?

कारण बदलता फ्लक्स गाभ्याच्या लोखंडातही व्होल्टेज निर्माण करतो. अखंड ठोकळ्यात त्यामुळे मोठे भोवरा प्रवाह फिरून तो तापला असता. म्हणून पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचे, सिलिकॉन मिसळलेल्या पोलादाचे पत्रे एकमेकांपासून इन्सुलेट करून रचतात.

व्होल्टेज कमी असताना मोटार जळते कशी? कमी वीज म्हणजे कमी त्रास असायला हवा ना?

बागायतदारांचा हा प्रश्न अगदी रास्त आहे, कारण बल्बच्या बाबतीत तसंच होतं. व्होल्टेज कमी, उजेड कमी, बल्बला धक्का नाही.

मोटार वेगळी. तिच्या स्टेटरमध्ये (स्थिर भागात) तीन फेज मिळून फिरणारा फ्लक्स तयार करतात. तो रोटरच्या (फिरणाऱ्या भागाच्या) दांड्यांना ओलांडत जातो, त्यांच्यात प्रवाह निर्माण होतो आणि रोटर त्यामागे धावतो. आता लाईन ४१५ वरून ३३० व्होल्टवर उतरली. फ्लक्स ८० टक्क्यांवर आला. मोटारची ओढण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने पडते, म्हणून ती उरली सुमारे ६३ टक्के. विहिरीतलं पाणी मात्र तितकंच खोल आहे, पंपाला ढकलायचा भारही जवळपास तोच. दुबळ्या फ्लक्सकडून तेच काम करून घ्यायचं तर रोटरला मागे पडून जास्त प्रवाह ओढावा लागतो. तो प्रवाह स्टेटरच्या तारेतूनही जातो, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. इन्सुलेशन भाजतं. त्यात स्टार्ट होतानाच व्होल्टेज कमी असेल तर मोटार वेग घेत नाही, घुमत राहते आणि चालू असतानाच्या कितीतरी पट प्रवाह खात बसते.

एक फेज गेली तर आणखी वाईट. फिरणारा फ्लक्स मोडतो, आणि राहिलेल्या फेज सगळा भार ओढतात. वाइंडिंगवाल्याकडे असा स्टेटर उघडला की कारण नजरेला दिसतं. काही गट कोळशासारखे काळे, व्हार्निशला जळका उग्र वास, आणि त्यांच्या मधोमध एका फेजच्या कॉइली नव्या कोऱ्या, तांबूस चमकणाऱ्या. तीनपैकी दोन फेज काळ्या आणि एक स्वच्छ असेल तर मोटार स्टारमध्ये होती (तिन्ही फेजच्या कॉइलींचं एकेक टोक एकत्र जोडलेलं). एकच काळी आणि दोन शाबूत असतील तर डेल्टामध्ये (तिन्ही त्रिकोणात जोडलेल्या). तिन्ही सारख्या भाजल्या असतील तर संशय ओव्हरलोड किंवा कमी व्होल्टेजवर घ्यावा. पुढच्या वेळी मोटार नुसती टाकून येऊ नका, उघडेपर्यंत थांबा आणि स्वतः बघा. त्यावर पुढचा खर्च अवलंबून असतो, कारण सिंगल फेजिंग प्रिव्हेंटरने (एक फेज गेली की मोटार बंद करणाऱ्या उपकरणाने) वाचणारी मोटार कुठली आणि पंप-केबलचं माप चुकल्याने गेलेली कुठली, हे तिथेच कळतं.

ऑटो स्विचबद्दलही एक विनंती. लाईट येताच वाडीतल्या सगळ्या मोटारी एकदम उठल्या तर डीपीवरचं व्होल्टेज बसतं आणि सगळ्यांच्याच मोटारी तापतात. ऑटो लावलाच असेल तर त्यात उशिराने चालू होण्याची सोय असू द्या, आणि शेजाऱ्यांशी बोलून वेळा मागे-पुढे ठेवा.

कपॅसिटर लावा असं सारखं सांगतात. त्याचा फ्लक्सशी काय संबंध?

थेट संबंध आहे. स्टेटर आणि रोटरमध्ये हवेची फट असते, आणि हवेतून फ्लक्स न्यायला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त प्रवाह लागतो. हा प्रवाह काम करत नाही. फेऱ्याच्या एका भागात ऊर्जा घेतो आणि पुढच्या भागात परत देतो. पण तो डीपीपासून बागेपर्यंतच्या तारेतून येतो-जातो, तार तापवतो आणि व्होल्टेज पाडतो. योग्य मापाचा कपॅसिटर मोटारजवळ लावला की ही देवाणघेवाण तिथल्या तिथे होते. तुमच्या डीपीवरच्या सगळ्यांनी लावले तर शेवटच्या मोटारीला मिळणारं व्होल्टेज खरोखर सुधारतं.

रिवाइंडिंग केल्यापासून मोटार रिकामीच तापते. असं का?

मघाचं सूत्र पुन्हा बघा. व्होल्टेज तेच, टर्न कमी पडले तर फ्लक्स वाढणारच. १० टक्के टर्न कमी म्हणजे ११ टक्के जास्त फ्लक्स, पोलाद तृप्तीकडे, आणि लोड नसतानाही प्रवाह मोठा. दुसरं कारण स्टॅम्पिंगचं, म्हणजे गाभ्याच्या पत्र्यांचं. जुनं वाइंडिंग सुटावं म्हणून स्टेटर उघड्या आगीत टाकला असेल, तर पत्र्यांमधलं इन्सुलेशन जळतं आणि भोवरा प्रवाह वाढतात. जुने टर्न आणि तारेचं गेज लिहून घेऊनच नवं भरणारा कारागीर शोधा, आणि परत घेताना लोडशिवायचा प्रवाह तिन्ही फेजला मोजून घ्या.

एकलहऱ्याला वीज तयार होते तिथे फ्लक्स कुठे असतो?

एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रातल्या २१० मेगावॉटच्या संचांत रोटर हाच मोठा विद्युतचुंबक. त्याला डीसी प्रवाह देतात आणि वाफेचं टर्बाइन त्याला मिनिटाला ३,००० फेरे फिरवतं. दोन ध्रुव, सेकंदाला ५० फेरे, म्हणून ५० हर्ट्झ. भोवतीच्या स्थिर कॉइलमधून हा फ्लक्स जात-येत राहतो आणि १५.७५ किलोव्होल्ट तयार होतात. पाण्यावरची टर्बाइन्स सावकाश फिरतात, म्हणून तिथे ध्रुवांची संख्या वाढवून ५० हर्ट्झ गाठतात.

इथे विद्यार्थ्यांची एक नेहमीची शंका: कॉइलमधून फ्लक्स कमाल असतो तेव्हाच व्होल्टेज कमाल असेल ना? उलट, त्या क्षणी व्होल्टेज शून्य असतं. फ्लक्स शिखरावर पोचून क्षणभर न वाढणारा, न घटणारा झालेला असतो. तो शून्यातून जातो तेव्हा सगळ्यात वेगाने बदलतो, आणि व्होल्टेज तेव्हा कमाल.

इगतपुरीला पूर्वी रेल्वेचं इंजिन का बदलायचे?

मुंबईकडून इगतपुरीपर्यंत पूर्वी १,५०० व्होल्ट डीसी होतं आणि पुढे नाशिककडे २५,००० व्होल्ट एसी. डीसीवर ट्रान्सफॉर्मर चालत नाही: फ्लक्स एकदा स्थिरावला की सेकंडरीला काही मिळत नाही, आणि प्रायमरीचे व्होल्ट-सेकंद साठत जाऊन गाभा तृप्त होतो. म्हणून डीसी गाडीला वापरता येईल त्याच बेताच्या व्होल्टेजला वीज पुरवावी लागते आणि तारेतून प्रवाह प्रचंड जातो. एसी इंजिनात ट्रान्सफॉर्मर बसवता येतो, त्यामुळे वरच्या तारेवर व्होल्टेज मोठं आणि प्रवाह लहान ठेवता येतो. आता घाटातही २५,००० व्होल्ट एसीच आहे.

एकटा उत्तर ध्रुव मिळू शकतो का?

आजवर सापडलेला नाही. चुंबक कितीही तोडा, प्रत्येक तुकड्याला दोन्ही ध्रुव असतात. हीच गोष्ट फ्लक्सच्या भाषेत: कुठल्याही बंद पृष्ठभागातून जितका फ्लक्स बाहेर पडतो तितकाच आत येतो, बेरीज शून्य. यालाच चुंबकत्वासाठीचा गॉसचा नियम म्हणतात.

मग मॅक्सवेल यांनी यात काय भर घातली?

फॅरेडे यांनी दाखवलं की बदलता चुंबकीय फ्लक्स विद्युत क्षेत्र निर्माण करतो. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी उलट बाजू मांडली: बदलता विद्युत फ्लक्ससुद्धा चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. कपॅसिटर चार्ज होताना दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेतून एकही इलेक्ट्रॉन जात नाही, तरी तिथे चुंबकीय क्षेत्र असतं. दोन्ही नियम एकत्र ठेवले की एक क्षेत्र दुसऱ्याला जन्म देत पुढे सरकतं, तारेविना, हवेविना. या लाटेचा वेग त्यांनी गणिताने काढला आणि तो प्रकाशाच्या वेगाशी जुळला. १८६५ च्या शोधनिबंधात त्यांनी प्रकाश हीच विद्युतचुंबकीय लाट असल्याचं मांडलं. मला भौतिकशास्त्रात याहून सुंदर काही माहीत नाही. एका कड्यावरच्या दोन कॉइलींपासून निघालेला विचार सूर्यप्रकाशापर्यंत पोचला.

घरावरून हाय टेन्शन लाईन गेली आहे. चुंबकीय क्षेत्राचा धोका किती?

१,००० अँपिअर नेणाऱ्या एकट्या तारेपासून १० मीटरवर क्षेत्र २० मायक्रोटेस्ला भरतं. प्रत्यक्षात तिन्ही फेजची क्षेत्रं एकमेकांना बरीच खोडतात, म्हणून आकडा आणखी उतरतो. ५० हर्ट्झसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक पातळी सर्वसामान्यांसाठी २०० मायक्रोटेस्ला आहे. दीर्घकाळच्या परिणामांबद्दल शास्त्रज्ञांनी विषय पूर्ण मिटवलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००२ मध्ये या क्षेत्रांना 'शक्यता नाकारता येत नाही' अशा गटात ठेवलं. माझ्या मते तिथला खरा आणि रोजचा धोका व्होल्टेजचा आहे: गच्चीवर लोखंडी पाइप उभा करणं, पतंग उडवणं, मजला चढवून तारेजवळ जाणं. संक्रांतीला मुलांना त्या गच्चीवर सोडू नका.

क्लॅम्प मीटर पूर्ण केबलवर लावला तर शून्य दाखवतो. मीटर बिघडला का?

मीटर बरोबर आहे. तो तारेभोवती जबडा बसवून, जबड्यातल्या फ्लक्सवरून प्रवाह सांगतो. फेजचा प्रवाह जातो, न्यूट्रलचा तितकाच परत येतो, आणि जबड्यातल्या गाभ्यात दोघांचे फ्लक्स एकमेकांना खोडतात. एकच तार जबड्यात घ्या, आकडा दिसेल.

घरात आरसीसीबी बसवायला सांगतात. एमसीबी असताना ते कशाला?

एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किट बघतो. माणसाच्या अंगातून जमिनीत जाणारा प्रवाह त्याच्या हिशोबी नगण्य असतो, आणि तेवढाच प्रवाह जीव घेतो.

आरसीसीबीमध्ये वरच्या प्रश्नातलीच युक्ती आहे. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एका छोट्या कड्यातून जातात. सगळा प्रवाह परत येत असेल तर कड्यात फ्लक्स शून्य. ओल्या हाताने गिझरला शॉक बसला, तर थोडा प्रवाह न्यूट्रलने न येता अंगातून जमिनीत जातो. जाणारा आणि येणारा जुळत नाहीत, कड्यात बदलता फ्लक्स उभा राहतो, त्यावरच्या कॉइलमध्ये व्होल्टेज येतं आणि स्विच पडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा घ्या. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच वेळी पकडल्या तर मात्र तो वाचवू शकत नाही, कारण तेव्हा कड्याच्या दृष्टीने हिशोब जुळलेलाच असतो.

त्यावर टेस्टचं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. स्विच पडला नाही तर त्याच दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलावून बदलून घ्या.